बांधावरच्या आंब्यावरची आमरी

आंब्याच्या फांदीवर वाढणारी आमरी आंब्याचं काहीही खात नाही, हे मला दिंडोरीत आजही बऱ्याच जणांना समजावून सांगावं लागतं. लोक तिला बांडगूळ समजतात आणि झाड वाचवायचं म्हणून कोयत्याने खरवडून काढतात. बांडगूळ फांदीत मूळ घुसवून झाडाचं पाणी आणि खनिजं ओढतं. आमरी सालीला नुसती धरून बसते. तिची जाड, पांढरट मुळं सालीवर पसरतात, काही हवेतच लोंबत राहतात. पावसाचं पाणी, पहाटेचं दव आणि सालीच्या खाचांत साठलेला पालापाचोळा, एवढ्यावर तिचं भागतं. फुलवाल्याच्या दुकानात आपण ज्याला ऑर्किड म्हणतो, त्याच कुळातली ही वनस्पती.

आमच्या मळ्याच्या बांधावर एक जुना रायवळ आंबा आहे. त्याच्या बेचक्यात अशी एक आमरी कित्येक वर्षांपासून आहे. शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा. देशाच्या काही भागांत वैद्य रास्ना म्हणून हिचीच मुळं वापरतात. उन्हाळ्यात तिला फुलं येतात. पाकळ्या पिवळट हिरव्या, त्यांवर तपकिरी रेघांची चौकटीचौकटीची जाळी, मधला ओठ निळसर जांभळा आणि वास गोड. फूल लहान, दोन बोटांत मावेल एवढं. पण मला तिच्या फुलापेक्षा तिच्या जगण्याचं जास्त आश्चर्य वाटतं. मे महिन्यात इथे पारा चाळिशीला टेकतो, हवेतला ओलावा पार निघून जातो. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की द्राक्षमण्यांना तडे जातील म्हणून शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात. ही आमरी दोन्ही सोसते. कुणी तिला पाणी घालत नाही, खत देत नाही, सावली करत नाही.

मी इथे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते. सासर द्राक्षबागायतदारांचं. निवृत्तीनंतर घरामागे शेडनेट उभारून ऑर्किडं वाढवायला लागले आणि पुढे त्यांचे संकर करायला लागले. या छंदातून माझ्या मनात एक विचार पक्का झाला आहे आणि हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. जंगलातली आमरी आपल्याला हवीहवीशी वाटली, तरी तिचं रोप घरी आणायची गरज नाही. तिचे गुण हवे असतील तर तिचा पराग पुरतो.

आधी या कुळाची थोडी ओळख. जगात ऑर्किडच्या पंचवीस हजारांहून अधिक जाती आहेत. भारतात साडेबाराशेच्या आसपास. त्यातल्या बहुतेक ईशान्येकडे, हिमालयात आणि पश्चिम घाटात. महाराष्ट्रातही शंभराहून अधिक जाती आहेत, हे ऐकून माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी धक्का बसायचा. त्यातल्या बऱ्याचशा झाडावर नाही तर जमिनीत वाढतात. पावसाळ्यात अंजनेरी-त्र्यंबकच्या डोंगरांवर गवतातून वर येणारी हबेनारियाची पांढरी फुलं ही आमरीच. झाडावरच्या जातींमध्ये सगळ्यांत देखणी सीतेची वेणी. तिचा गुलाबी-पांढरा तुरा लोंबायला लागला की नजर हटत नाही. आसामात तिला कपौ फूल म्हणतात, बिहूच्या नाचात मुली ते केसांत माळतात आणि ते त्या राज्याचं राज्यफूल आहे.

दिंडोरी नाशिकपासून पंचवीसेक किलोमीटरवर. पश्चिमेला पेठ-सुरगाण्याकडे गेलं की पाऊस आणि झाडी वाढत जाते, पूर्वेला निफाडकडे हवा कोरडी होत जाते. आम्ही मधल्या पट्ट्यात. उष्ण कटिबंधातल्या ऑर्किडला जी दमट, ऊबदार हवा लागते ती इथे जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत आयती मिळते. बाकीचे महिने ती आपण तयार करायची.

मी कसं करते ते सांगते. जीआय पाइपचा सांगाडा, वर पन्नास टक्के सावलीची नेट. मार्च उजाडला की तिच्या खाली दुसरी नेट ताणते. जमिनीवर खडी आणि विटांचे तुकडे पसरलेत. उन्हाळ्यात सकाळी अकरा आणि दुपारी तीनच्या सुमारास ती खडी भिजवली की शेडमधली हवा पाहता पाहता बदलते. फॉगर असेल तर उत्तमच, पण खडीवरच्या पाण्याने माझं बरंचसं काम होतं. नोव्हेंबरच्या शेवटी तिन्ही बाजूंनी पारदर्शक प्लॅस्टिक सोडते, दुपारी गुंडाळून वर करते, संध्याकाळी पुन्हा सोडते.

कुंडीत माती अजिबात नको. झाडावर राहणाऱ्या ऑर्किडला माती म्हणजे गुदमरणं. लोणारी कोळसा, विटेचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे, मिळाली तर पाइनची साल, एवढं पुरतं. या मुळांभोवती मृत पेशींचं एक पांढरं, सच्छिद्र आवरण असतं. पाणी पडलं की ते काही क्षणांत भिजतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. वाळलं की पुन्हा पांढरं. या रंगावरून पाणी द्यायचं. मूळ पांढरं दिसलं तर पाणी हवं, हिरवं दिसलं तर थांबा. वांडाला मी लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत नुसतंच टांगते, त्यात काही भरत नाही. तिला उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं आणि थंडीत सकाळी एकदाच. थंडीत संध्याकाळी पाणी घातलं आणि ते पानांच्या गाभ्यात साठून राहिलं, तर गाभा सडतो आणि रोप हातचं जातं.

पाणी कोणतं, हा आमच्याकडे सगळ्यांत मोठा प्रश्न. बोअरचं पाणी क्षारांचं. ते ऑर्किडला दिलं की मुळांच्या टोकांवर पांढरा थर बसतो, टोकं काळी पडतात आणि वाढ थांबते. म्हणून पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी मी टाक्यांत साठवते. ते संपलं की शुद्धीकरण यंत्राचं पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून टीडीएस दोनशेच्या आत ठेवते. खताची चिंता द्राक्षवाल्याच्या घरी कधी नसते. १९:१९:१९ आणि ०:५२:३४ घरात असतंच. मात्र प्रमाण फार कमी ठेवायचं. लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या स्वच्छ पाण्याने कुंडी धुऊन काढायची. द्राक्षाच्या सवयीने हात सैल सोडला तर मुळं जळतात.

शेजारी द्राक्षबाग असण्याचे काही धोके पुस्तकांत सापडत नाहीत, म्हणून आमच्या भागातल्या छंदी लोकांसाठी मुद्दाम लिहिते. बोर्डो मिश्रणात तांबं असतं आणि पुष्कळ ऑर्किडांना, विशेषतः डेंड्रोबियमला, ते सोसत नाही. कोवळी पानं आणि कळ्या करपतात. आमचा पुतण्या फवारणीआधी आवाज देतो, "काकू, बोर्डो मारतोय, तुमची झाडं झाका." मग त्या बाजूचं प्लॅस्टिक मी हिवाळा नसला तरी सोडते. दुसरा धोका शेकोटीच्या धुराचा. धुरात इथिलीन वायू असतो. त्याने कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळतात. पिकायला ठेवलेल्या फळांतूनही हाच वायू निघतो, त्यामुळे आंब्याची अढी आणि फुललेलं ऑर्किड एका खोलीत ठेवू नये.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय आणावं? बाजारात सगळ्यांत जास्त दिसतं ते फॅलेनॉप्सिस, पसरट पानांचं, फुलपाखरासारख्या फुलांचं. त्याला रात्रीची थोडी थंडी मिळाली की फुलाचा दांडा निघतो. आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री ते काम आपोआप करतात. पण पारा पंधराच्या खाली उतरायला लागला की त्याला घरात घ्यावं लागतं. लग्नाच्या सजावटीत जांभळी-पांढरी फुलं दिसतात ती डेंड्रोबियमची, मुख्यतः थायलंडमध्ये तयार झालेल्या संकरांची. त्यांना ऊब हवी, थंडीत पानं गाळतात. दिंडोरीला माझ्या मते सर्वांत योग्य म्हणजे डेंड्रोबियम नोबिलेचे संकर. मूळ जात हिमालयातली, सिक्कीमचं राज्यफूल. तिला हिवाळ्यात कोरडी थंडी आणि कमी पाणी मिळालं तरच ती भरभरून फुलते. जिरो यामामोतो या जपानी माणसाने याच जातीवर आयुष्यभर काम करून शेकडो संकर केले. ज्या थंडीने आमची द्राक्षं धास्तावतात त्या थंडीत हे झाड पेराच्या प्रत्येक डोळ्यातून फुलतं.

आता संकराकडे येते. ऑर्किडचं फूल नीट पाहिलं नसेल तर एकदा भिंग घेऊन पाहा. बाहेर तीन दलं, आत तीन, आणि आतल्या तिघांपैकी एक बदलून ओठ झालेला. तो कीटकाला उतरायला फलाट. फुलाच्या मधोमध एक जाडसर खांब असतो, स्तंभ. बाकीच्या फुलांत पुंकेसर वेगळे, स्त्रीकेसर वेगळा. इथे दोन्ही एकजीव झालेले. स्तंभाच्या टोकाला एक छोटी टोपी. तिच्याखाली पराग असतो, पण भुकटी नाही, मेणचट गोळ्यांच्या रूपात. वांडा आणि फॅलेनॉप्सिसमध्ये असे दोन गोळे, डेंड्रोबियममध्ये चार. टोपीच्या खालच्या बाजूला एक चिकट खळगा, ते वर्तिकाग्र. भुंगा ओठावर उतरून आत शिरतो, बाहेर पडताना गोळे त्याच्या पाठीला किंवा डोक्याला चिकटतात. दुसऱ्या फुलात शिरला की ते त्या खळग्यात अडकतात.

भुंग्याचं काम आपण टूथपिकने करतो. फूल उमलून तीन-चार दिवस झालेले असावेत. टूथपिकचं टोक टोपीला खालून हलकेच लावलं की टोपी सुटते आणि गोळे काडीला चिकटून येतात. ज्या फुलाला आई करायचं त्याचे स्वतःचे गोळे आधी काढून टाकायचे, मग दुसऱ्याचे गोळे त्याच्या खळग्यात ठेवायचे. दोन मिनिटांचं काम. लगेच दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. आईचं नाव आधी, मग वडिलांचं, मग तारीख. चिठ्ठी नसलेली शेंग निरुपयोगी. पुढच्या पाच वर्षांत कुणालाच आठवत नाही की ही कुणाची मुलं.

व्हॅनिलाही ऑर्किडच आहे. मेक्सिकोबाहेर नेलेल्या वेलींना शेंगा धरत नव्हत्या, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या तिथे नव्हत्या. १८४१ मध्ये रियुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियस या गुलामगिरीत जन्मलेल्या बारा वर्षांच्या मुलाने एका काडीने आणि अंगठ्याने ते परागीभवन करून दाखवलं. आजही जगातली व्हॅनिलाची लागवड त्याच पद्धतीवर चालते. एवढ्या मोठ्या उद्योगाचा पाया घालणारं ते बोट एका मुलाचं होतं, हे मी दर वर्षी वर्गात सांगायचे.

आमच्या आंब्यावरची आमरी फुलते उन्हाळ्यात, तर माझ्या शेडमधल्या मोठ्या निळ्या फुलाच्या थाई वांडाचा काही नेम नाही, ती कधी पावसाळ्यात तर कधी दिवाळीच्या सुमारास फुलते. म्हणून शिडी लावून मी आंब्यावर चढते, एका-दोन फुलांतले गोळे काडीवर घेते आणि बटरपेपरमध्ये गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसोबत लहान बाटलीत ठेवते. बाटली फ्रिजमध्ये जाते. कोरडा ठेवलेला पराग काही महिने जिवंत राहतो. आंब्यावरच्या बाकीच्या फुलांना मी हात लावत नाही, ती भुंग्यांची. रोप तर जिथे आहे तिथेच. थाई वांडा फुलली की बाटली काढून तिच्या फुलावर गोळे ठेवायचे.

वांडाचं फूल एरवी तीन-तीन आठवडे टवटवीत राहतं. पराग ठेवल्यावर मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मान टाकतं. माझ्या सासूबाईंना ते बघवायचं नाही. "देवाला वाहिलं असतंस तरी चाललं असतं, असं सुकवलंस कशाला गं?" असं त्या म्हणायच्या. मी त्यांना फुलामागचा देठ दाखवत असे. फूल कोमेजतं आणि मागचा देठ फुगायला लागतो, तो देठ म्हणजेच अंडाशय. ऑर्किडमध्ये पराग येऊन पडेपर्यंत बीजांडं पुरती तयारही झालेली नसतात. पराग मिळाल्याची खूण पटल्यावरच झाड ती घडवायला घेतं. फॅलेनॉप्सिसमध्ये परागीभवन ते प्रत्यक्ष फलन यांत दोन-अडीच महिने जातात. खात्री होईपर्यंत झाड आपली ताकद खर्च करत नाही. हे समजल्यापासून सासूबाई रोज सकाळी शेंग बघून यायच्या.

शेंग पिकायला डेंड्रोबियमला चार-सहा महिने, वांडाला आठ-दहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. एका शेंगेत बिया हजारो, कधी लाखो. उन्हाच्या तिरिपेत उडणाऱ्या धुळीसारखं ते बी. त्यात साठवलेलं अन्न जवळपास नाहीच. गव्हाच्या दाण्यात अंकुराला पुरेल एवढं पीठ असतं, ऑर्किडच्या बीत तसलं काही नसतं. रानात ते रुजतं ते एका विशिष्ट बुरशीच्या मदतीने. बुरशी बीच्या आत शिरते आणि त्याला साखर पुरवते. हे १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलं. तोवर युरोपातले माळी ऑर्किडचं बी आईच्याच कुंडीत टाकून नशिबावर हवाला ठेवत. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसन यांनी दाखवून दिलं की बुरशीविना, निर्जंतुक बाटलीत साखर, क्षार आणि अगार दिलं तरी बी रुजतं. घरोघरीच्या संकराचा खरा रस्ता तिथून खुला झाला.

हे काम घरीही करता येतं. माझ्याकडे प्रेशर कुकर, जॅमच्या बाटल्या, अगार, साखर, क्षारांचं तयार मिश्रण आणि हात घालायला भोकं असलेली बंद काचपेटी आहे. माध्यमात थोडं पिकलं केळं किंवा शहाळ्याचं पाणी घातलं की रोपं चांगली वाढतात. शेंग पूर्ण पिकून फुटण्याआधी, हिरवी असतानाच काढली तर आतलं बी आपोआप निर्जंतुक असतं. शेंगेचा बाहेरचा भाग तेवढा ब्लीचने धुऊन, मद्यार्क लावून ज्योतीवरून फिरवायचा. सगळ्या शेंगा मात्र मी घरी पेरत नाही. महत्त्वाच्या शेंगा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत देते, ते ठरलेल्या दरात पेरून बाटल्या परत करतात. पुण्यात या विद्येची परंपरा मोठी आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी बाटलीत वाढवलेल्या बांबूच्या रोपांना बाटलीतच फुलं आणली होती, १९९० मध्ये तो शोध 'नेचर'मध्ये छापून आला. टिश्यूकल्चर केळीमुळे आमच्या शेतकऱ्यांना बाटलीतली रोपं नवीन नाहीत. फरक इतकाच की टिश्यूकल्चरमध्ये एकाच झाडाच्या हुबेहूब नकला होतात, तर बी पेरलेल्या बाटलीतलं प्रत्येक रोप वेगळं असतं.

बाटलीत आधी हिरवे ठिपके दिसतात, मग त्यांना टोक फुटतं, मग पान, मग मूळ. त्याला वर्ष-दीड वर्ष. बाहेर काढायची वेळ मी जूनच्या शेवटाची ठरवली आहे, मृगाच्या पावसानंतर हवा दमट झालेली असते. बाटलीतल्या शंभर टक्के ओलाव्यातून एकदम मे महिन्याच्या हवेत आलेलं रोप तासाभरात मान टाकतं. हार्डनिंगची ही पायरी सांभाळली की निम्मी लढाई जिंकली. पुढे फूल दिसायला फॅलेनॉप्सिसला दोन-तीन वर्षं, वांडाला आणखी चार-पाच.

द्राक्षवाल्यांना या प्रतीक्षेचं अप्रूप वाटतं, पण महाराष्ट्रातल्या द्राक्षाची कहाणीही चिकाटीचीच आहे. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन जातीच्या बागेतून निवडलेली 'तास-ए-गणेश', सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची 'सोनाका', या जाती शेतकऱ्यांच्या नजरेतून आल्या. ते संकर नव्हते. एखाद्या वेलीत किंवा फांदीत निसर्गतः झालेला बदल त्यांनी हेरला, कलम करून वाढवला. आघारकर संशोधन संस्थेची 'एआरआय ५१६' मात्र खरा संकर, कॅटावबा आणि ब्यूटी सीडलेसचा. ऑर्किडमध्ये संकराचं काम प्रयोगशाळेबाहेरच्या हौशी माणसांनीही तितकंच केलं. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल झालेली 'वांडा मिस जोकिम' ही ॲग्नेस जोकिम या बागवेड्या स्त्रीने घरच्या बागेत केलेली. १८९३ मध्ये ती जगासमोर आली. तिचं एक मूळ ईशान्य भारतापर्यंत पसरलेल्या वांडा टेरेसचं.

माणसाने केलेला पहिला ऑर्किड-संकर फुलला १८५६ मध्ये. एक्सेटरच्या जॉन हॅरिस नावाच्या शल्यचिकित्सकाने फुलाची रचना समजावून दिली आणि व्हिच नर्सरीच्या जॉन डॉमिनी या माळ्याने कॅलँथी या ऑर्किडच्या दोन जातींचा संकर केला. त्यातली एक जात पश्चिम घाटातही आढळते. याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं तेही सांगायला हवं. १८५० मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर मेघालयातल्या खासी टेकड्यांत पोचले. तिथे निळी वांडा, वांडा सेरुलिया, ओकच्या झाडांवर भरून फुललेली होती. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानासाठी त्यांनी सात माणसांच्या खांद्यावरचं ओझं होईल एवढी रोपं काढली. त्यातली फारच थोडी इंग्लंडात जिवंत पोचली. पुढे व्यापाऱ्यांनी तेच केलं, अधिक मोठ्या प्रमाणावर, आणि निळी वांडा दुर्मिळ होत गेली. आज ती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.

त्याच निळ्या वांडाचा फिलिपिन्सच्या वांडा सँडेरियानाशी संकर झाला, १९३१ मध्ये त्याची 'वांडा रोथशिल्डियाना' म्हणून नोंद झाली. मोठं, गोल, निळं फूल आणि डोंगराळ निळ्या वांडाकडून आलेली थंडी सोसायची थोडी ताकद. आज जगभर विकल्या जाणाऱ्या निळ्या वांडांच्या वंशात खासी टेकड्यांचं रक्त आहे. जे काम सात ओझ्यांनी झालं नाही ते परागाच्या दोन गोळ्यांनी झालं. मला हाच धडा महत्त्वाचा वाटतो आणि आंब्यावरच्या आमरीबाबत मी तोच गिरवते आहे.

माझ्या संकराची रोपं अजून फुललेली नाहीत. पण दोन गोष्टी दिसू लागल्या आहेत. शेजारी टांगलेल्या थाई वांडांची खालची पानं दर जानेवारीत पिवळी पडतात, या रोपांपैकी निम्म्याहून अधिक रोपांची पडत नाहीत. आणि मुळं जाड आहेत, आंब्यावरच्या वडिलांसारखी. सगळी भावंडं सारखी नाहीत. काही अगदीच रोडावलेली, ती मी वाढवणार नाही. संकर करणाऱ्याने निवड करायला कचरू नये, नाहीतर शेड भरतो आणि एकाही झाडाकडे नीट लक्ष राहत नाही. फुलं आली आणि आवडली तर लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे नोंद करता येते. सँडर या ऑर्किड-नर्सरीवाल्यांनी सुरू केलेली ही नोंदवही १९६१ पासून ती संस्था चालवते. त्यात आज लाखाहून अधिक संकर आहेत. एका संकराच्या सगळ्या भावंडांना एकच नाव मिळतं. जगातल्या कुणीही हाच संकर पुन्हा केला तरी नाव तेच राहतं.

ज्यांना हा छंद सुरू करायचा आहे त्यांनी दोन नोबिले डेंड्रोबियम आणि एक फॅलेनॉप्सिस आणावं, एक पावसाळा आणि एक हिवाळा त्यांच्यासोबत काढावा, मग टूथपिक हातात घ्यावी. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर वर्षी जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे एकदा जाऊन झाडं जवळून पाहावीत.

आणि एक विनंती. घाटरस्त्यावर, यात्रेच्या बाजारात कुणी फांदीपासून ओरबाडलेले आमरीचे गड्डे विकायला बसलं असेल तर ते घेऊ नका, स्वस्त मिळाले तरी. असे गड्डे घरी बहुधा जगत नाहीत, आणि जगलेच तरी जंगलात ते पुन्हा उगवायला बुरशी, साल आणि कित्येक पावसाळे लागतात. रोप घेताना लेबल मागा, प्रयोगशाळेत किंवा नर्सरीत वाढवलेलं आहे का ते विचारा. मुळांना रानातल्या झाडाची साल चिकटलेली दिसली तर ते रोप तिथेच ठेवा. आणि तुमच्या बांधावरच्या आंब्यावर, जांभळीवर आमरी असेल तर कोयता खाली ठेवा, ती तुमच्या झाडाचं काही नेत नाही.